खिळ्याला न टांगता येणारं काम गॅलरीत कसं न्यावं

चित्र असेल तर प्रश्न सोपे असतात. किती बाय किती, फ्रेम आहे का, मागे हुक आहे का, झालं. पण तुमचं काम म्हणजे अंधाऱ्या खोलीतला आवाज असेल, दिवसागणिक वितळणारं मेण असेल, किंवा येणाऱ्याने खुर्चीत बसून काहीतरी केल्याशिवाय ते पुरंच होत नसेल, तर गॅलरीच्या दारात पहिला प्रश्न येतो: "म्हणजे नक्की काय आणणार तुम्ही?" इथे बहुतेक नवखे अडखळतात. मीही अडखळले होते.

मी या व्यवहारात दोन्ही बाजूंनी राहिले आहे. आधी आवाजाचं काम करणारी कलाकार म्हणून, आणि नंतर बरीच वर्षं गॅलरीच्या बाजूने, शिडीवर चढून दिवे फिरवणारी आणि कलाकारांना फोन करून "तो डबा उघडा ठेवायचा की बंद?" असं विचारणारी म्हणून. दोन्हीकडून बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: काम जितकं अजब, तितका त्याचा कागद चोख हवा. अनिश्चितता कामात खुशाल असू दे, कागदात नको. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर मी याच मुद्द्यावर येणार आहे, तेव्हा कंटाळू नका.

आधी तुम्ही गॅलरी बघा

'गॅलरी' या एका शब्दाखाली तीन वेगळे कारभार चालतात. एक म्हणजे भाड्याने मिळणारा हॉल: तारीख ठरली, पैसे भरले की भिंती तुमच्या, आणि खिळ्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळं तुम्हीच बघायचं. दुसरी व्यावसायिक गॅलरी: ती कलाकार निवडते, त्याचं काम विकते आणि विक्रीतला वाटा घेते. तिसऱ्या प्रकारच्या जागा कलाकारांनी मिळून किंवा अनुदानावर चालवलेल्या असतात. न्यूयॉर्कची १९७२ ची 'आर्टिस्ट्स स्पेस' किंवा १९९७ मध्ये कलाकारांच्या कार्यशाळेतून सुरू झालेलं दिल्लीचं 'खोज' ही त्यातली माहितीतली नावं. तिथे विक्रीचा दबाव कमी, आणि पैसाही कमी. प्रयोगाला खरोखर जागा देणारी गॅलरी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारात सापडते.

'आम्ही प्रयोगशील कलाकारांना पाठिंबा देतो' असं तर सगळेच लिहितात, त्यावर जाऊ नका. त्यांच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रदर्शनांची यादी काढा आणि मोजा: किती वेळा भिंतीवर काहीच नव्हतं? एकाच कलाकाराला दुसऱ्यांदा बोलावलंय का? तिथे प्रदर्शन केलेल्या एखाद्या कलाकाराला गाठून सरळ विचारा, की काम विकलं गेलं नाही तेव्हा गॅलरीवाले कसे वागले. माझ्या मते गॅलरी पारखण्याचा याहून चांगला प्रश्न नाही.

पॅरिसच्या इरिस क्लेर गॅलरीने १९५८ मध्ये इव्ह क्लाइनला अख्खी खोली रिकामी करून, पांढरी रंगवून, ती रिकामी खोलीच प्रदर्शन म्हणून मांडू दिली. दोन वर्षांनी त्याच गॅलरीत आर्मानने इतका कचरा कोंबला की आत पाय ठेवायला जागा उरली नाही. लोकांनी तो रस्त्यावरून, काचेतून पाहिला. १९६९ मध्ये रॉबर्ट बॅरी आणखी पुढे गेला. 'प्रदर्शनाच्या काळात गॅलरी बंद राहील' एवढंच त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं होतं. कलाइतिहासात नाव कलाकाराचं राहतं, पण मला नेहमी पलीकडचा माणूस आठवतो, जो भाडं भरत राहिला आणि कुलूप लावून घरी गेला. तुम्ही त्या माणसाच्या शोधात आहात.

मग प्रत्यक्ष जा, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या एखाद्या सुस्त दुपारी जा, एकदा नाही, दोन-तीनदा. भिंती सगळेच बघतात. तुम्ही छत बघा, हुक आहेत का. सॉकेट कुठे आहेत, दार किती रुंद आहे, शेजारच्या खोलीतला आवाज किती ऐकू येतो, हे बघा. एखादा व्हिडिओ बंद पडलेला दिसला तर मनात नोंद करा आणि दोन दिवसांनी पुन्हा जा. पडदा अजून काळाच असेल, तर तुमच्या कामाचंही तेच होणार आहे.

एक सावधगिरी. "तुमची निवड झाली आहे" असं कळवून पाठोपाठ जागेचे, छपाईचे, 'सहभागाचे' पैसे मागणारे बरेच असतात. भाडं द्यायला हरकत नाही, पण त्याला निवड म्हणू नये. ज्या निवडीचं बिल येतं, ते भाडंच.

काम एका पानावर उतरवा

हे काम गॅलरीला पहिला निरोप पाठवण्याच्या आधी करायचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायचा.

सॉल लेविटने १९६८ पासून भिंतींवर थेट रेखाटनं करायला घेतली. त्याच्या लेखी कलाकृती म्हणजे सूचना. रेषा मारणारे हात दुसऱ्यांचे असले तरी चालत. घेणाऱ्याला प्रमाणपत्र आणि आकृती मिळते, प्रदर्शन संपलं की भिंत रंगवून टाकतात, आणि पुन्हा दुसऱ्या भिंतीवर तेच काम उभं राहतं. लेविट २००७ मध्ये गेला, त्याच्या भिंती अजून निघताहेत. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसचं १९९१ चं एक काम म्हणजे कोपऱ्यात ओतलेला चमकदार कागदातल्या गोळ्यांचा ढीग. त्याचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो, असं ठरवून दिलेलं आहे. बघणारे गोळी उचलून नेतात, ढीग खाली बसतो, पुन्हा भरता येतो. ते वजन लिहिलेलं नसतं तर कोपऱ्यात नुसत्या गोळ्या उरल्या असत्या. आणि २०१९ मध्ये मौरित्सिओ कातेलानने भिंतीला टेपने चिकटवलेलं ते केळं! घेणाऱ्याच्या हातात पडलं ते प्रमाणपत्र आणि लावण्याच्या सूचना. केळं सडलं की नवं आणायचं. मला ते काम फारसं भावत नाही, पण कागद कसा करावा हे त्याच्याकडून शिकावं.

तर एक पान घ्या. नियम एकच: तुम्हाला न ओळखणाऱ्या, कला न शिकलेल्या, पण ड्रिल धरता येणाऱ्या माणसाला ते वाचून तुमच्या गैरहजेरीत काम उभं करता आलं पाहिजे. नवखा कलाकार लिहितो: "मेणाचे ठोकळे दिव्याखाली ठेवले जातील आणि काळाच्या ओघात त्यांचं रूप बदलत जाईल." वाचायला गोड, पण यावरून कुणाला काही करता येणार नाही. तेच काम असं लिहून बघा:

"मेणाचे १२ ठोकळे, प्रत्येकी २० × १० × १० सेंमी. लांबी रांगेच्या दिशेने, दोन ठोकळ्यांत २ सेंमी अंतर. खाली लोखंडी पत्र्याचा ट्रे, ३ मीटर × ३० सेंमी, काठ ५ सेंमी. डावीकडच्या पहिल्या ठोकळ्यावर ४० सेंमी उंचीवर २५० वॉटचा उष्णतेचा एक दिवा. गॅलरी उघडताना चालू करायचा, बंद करताना बंद. ठोकळा पूर्ण बसला की दिवा पुढच्यावर सरकवायचा. त्याला किती दिवस लागतील हे ठरवलेलं नाही. तुटलेला ठोकळा जोडायचा नाही. ट्रेमध्ये साचलेलं मेण काढायचं नाही. दिवा गेला तर तेवढ्याच वॉटचा लावायचा, दोन जादा दिवे पेटीत आहेत. दिवा चालू असताना खोलीत कुणीतरी असलंच पाहिजे. अग्निशामक नळकांडं दारापाशी हवं."

यातली प्रत्येक ओळ म्हणजे न आलेला एक फोन. आणि गॅलरीवाला जी शंका मनात धरून बसेल तिचं उत्तरही आधीच देऊन टाका: एक ठोकळा २ लिटरचा, म्हणजे बारा मिळून २४ लिटर मेण, ट्रे ४५ लिटरचा, जमिनीवर सांडणार नाही. एवढं गणित मांडलेलं पान टेबलावर आलं की समोरच्या माणसाचे खांदे सैल पडतात. मी ते पाहिलंय.

पानाच्या खाली दोन छोट्या याद्या जोडा. काय बदललेलं चालणार नाही, आणि काय बदललं तरी बिघडत नाही. वरच्या कामात ठोकळ्यांची संख्या आणि 'मेण काढायचं नाही' हे पहिल्या यादीत. ट्रेचा रंग, दिव्याची कंपनी दुसऱ्या. ही विभागणी करताना स्वतःच्या कामाबद्दल जे कळतं ते वर्षभर गप्पा मारून कळत नाही. जुना टीव्ही वापरताय? मग तो टीव्हीच काम आहे, की त्यावरचं चित्र? टीव्ही संचांतून कलाकृती उभारणाऱ्या नाम जून पाइकच्या कामांमधल्या पिक्चर ट्यूब आता नव्याने बनत नाहीत, आणि संग्रहालयं याच प्रश्नाशी झगडत बसली आहेत. शिल्पकार इव्हा हेस १९७० मध्ये गेली. तिने वापरलेलं लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, पिवळं पडून ठिसूळ होत गेलं, आणि त्याचं काय करायचं हे विचारायला ती नाही. तुम्ही आहात. लिहून ठेवा.

टिनो सेहगल हा कलाकार मात्र काहीच लिहून देत नाही. त्याच्या कामाचा फोटो काढू देत नाहीत, सूचना तोंडी, विक्रीसुद्धा साक्षीदारांसमोर तोंडी. पण तिथल्या अटी इतक्या नेमक्या असतात की ऐकणाऱ्याला त्या पाठ कराव्या लागतात. तेवढी शिस्त असेल तर कागद सोडा.

प्रस्ताव

ते पान तयार असेल तर प्रस्तावाचं निम्मं काम झालं. उरलेलं थोडक्यात सांगते.

एकच पीडीएफ, आठ-दहा पानांची, सहज उघडेल अशी हलकी. प्रत्येक फोटोखाली नाव, वर्ष, माध्यम, माप (उंची × रुंदी × खोली, याच क्रमाने), आणि व्हिडिओ किंवा आवाज असेल तर कालावधी. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओची लिंक द्या, पण सोबत दोन मिनिटांचा तुकडाही द्या, कारण पहिल्या फेरीत तोच बघितला जातो. गॅलरीचा नकाशा मिळाला तर त्यावर काम कुठे येईल ते पेन्सिलीने दाखवा. काय तुम्ही आणणार आणि काय त्यांनी द्यायचं, याची यादी वेगळी.

स्टेटमेंटबद्दल, म्हणजे आपल्या कामाविषयी कलाकाराने लिहायच्या टिपणाबद्दल, माझी एक खोड आहे. 'माझं काम स्मृती, अवकाश आणि ओळख यांच्यातल्या ताणांचा वेध घेतं' हे वाक्य घ्या, तुमचं नाव खोडा आणि शेजारच्याचं घाला. बसतंय ना? मग ते तुमचं वाक्य नाही. 'मी बंद पडलेल्या यंत्रांचे आवाज जमवते आणि ते चालत्या यंत्रांच्या पोटात लपवते' हे दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही. असं एक वाक्य सापडलं की बाकीचं अर्धं पान आपोआप लिहिलं जातं, आणि नाही लिहिलं तरी चालतं.

फसलेल्या एका कामाचा फोटोही घाला, काय फसलं त्या एका ओळीसकट. हे सगळ्यांना पटत नाही, पण मी निवड करायला बसायचे तेव्हा त्या पानावर नेहमी थांबायचे. गुळगुळीत पोर्टफोलिओ दिवसाला दहा येतात.

उत्तर यायला वेळ लागतो. दीड महिन्याने एक आठवण करा, तीही दोन ओळींची. आणि दुसऱ्याच्या उद्घाटनात लॅपटॉप उघडून काम दाखवू नका; तो दिवस त्याचा असतो.

होकाराच्या आधी बहुधा कुणीतरी स्टुडिओत येतं. स्टुडिओ म्हणजे तुमच्या खोलीतला एक कोपरा असेल तरी बिचकू नका. झाडून-पुसून संग्रहालय करू नका. एक काम चालू अवस्थेत ठेवा, एक अर्धवट, आणि बोलणं त्यांना सुरू करू द्या. "हे का?" याला "माहीत नाही, पण हे असं केलं तेव्हा बरं वाटलं नाही म्हणून" हे चालणारं उत्तर आहे.

पैशाचं बोलणं

हे लाजून टाळलं की पुढे मैत्रीच तुटते, म्हणून आधी बोला आणि लिहून घ्या. 'आपल्यात कशाला करार' म्हणणारा माणूस प्रेमळ असू शकतो. त्याच्याशीही करार करा.

व्यावसायिक गॅलरीत विक्रीतला अर्धा वाटा गॅलरीचा, ही सर्वसाधारण रीत आहे. ऐकून धक्का बसतो, पण त्या अर्ध्यात जागा, माणसं, दिवे, जाहिरात आणि ग्राहक शोधणं आलं. खरा वाद होतो तो वाट्यावर नाही, खर्चावर. तो बारा ठोकळ्यांचा ट्रे कुणी बनवून घ्यायचा? गॅलरीने पैसे घातले तर विक्रीतून ते आधी वजा होणार की त्यांच्या वाट्यातून? आणि काहीच विकलं नाही तर ते तुमच्या डोक्यावर कर्ज म्हणून राहणार का? या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी नसतील तर सही करू नका.

बाकी विचारायच्या गोष्टी: वाहतूक जाताना कुणाची आणि येताना कुणाची; विमा कुठपासून कुठपर्यंत; विक्री झाल्यावर किती दिवसांत पैसे; काम किती महिने त्यांच्याकडे राहणार; या काळात दुसरीकडे दाखवता येईल का. सवलत द्यायची झाली तर ती कुणाच्या वाट्यातून, हेही. विक्रीचा प्रश्नच येत नाही अशा जागेत कलाकाराचं मानधन विचारा. त्यांच्याकडे नसेलही, पण विचारलेलं असावं.

व्हिडिओ, आवाज किंवा सूचनांचं काम विकलं जातं ते आवृत्तीने. पाच प्रती आणि कलाकाराच्या दोन, अशी काहीतरी संख्या ठरवायची आणि मग ती आयुष्यात वाढवायची नाही. प्रत्येक प्रतीला क्रमांक आणि सही केलेलं प्रमाणपत्र. काम विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं नव्हे. करारात तसं काही दडलं आहे का ते बघा.

१९७१ मध्ये प्रदर्शनं भरवणारा सेथ सीगलॉब आणि वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी कलाकारांसाठी एक तयार करारनामा काढला होता. काम पुढे जास्त किमतीला विकलं गेलं तर वाढलेल्या किमतीतले १५ टक्के कलाकाराला, काम कुठे दाखवलं जातंय हे कळण्याचा हक्क कलाकाराला, असं बरंच त्यात होतं. तो बाजाराने फारसा उचलला नाही. तरी एकदा वाचावा, आपण काय काय मागायचं विसरतो ते कळण्यासाठी.

मांडणीचे दिवस

गॅलरी तीन दिवस देईल. तुम्हाला वाटेल की एका दिवसात होईल. तीन दिवस पुरणार नाहीत.

प्रोजेक्टर असेल तर घरून निघण्यापूर्वी हे गणित करा. प्रत्येक प्रोजेक्टरला एक थ्रो रेशो असतो: पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. रेशो १.५ असेल आणि २ मीटर रुंद चित्र हवं असेल, तर प्रोजेक्टर ३ मीटर मागे जाणार. खोलीच अडीच मीटर खोल असेल तर एकतर चित्र लहान करा किंवा ०.५ वाला शॉर्ट थ्रो मागवा, तो मीटरभर अंतरावरून तेच चित्र टाकेल. प्रोजेक्टर ३ मीटरवर आणि लोकांची वाट त्याच्या पुढून, असं झालं की महिनाभर भिंतीवर डोक्यांच्या सावल्या नाचतात. काही कामांना त्या शोभतात, तुमच्याला शोभतात का ते तुम्ही ठरवा.

व्हिडिओ लॅपटॉपवरून चालवू नका. पेन ड्राइव्हवरून आपोआप सुरू होणारा आणि आपोआप पहिल्यापासून लागणारा छोटा मीडिया प्लेअर घ्या. कसोटी सोपी आहे: मेन स्विच बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा. कुठलंही बटण न दाबता चित्र यायला हवं. नाही आलं, तर रोज सकाळी गॅलरीतल्या माणसाला शिडी लावावी लागेल आणि दुसऱ्या आठवड्यात तो ती लावणार नाही. प्रोजेक्टरचं 'आपोआप बंद' बंद करायला विसरू नका. फाइलची आणखी एक प्रत गॅलरीच्या कपाटात ठेवा.

भिंतीवर काही असेल तर मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंमीवर धरतात. सगळ्यांसाठी एकच मध्य. कागदावरच्या कामाला उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच ठेवावा, नाहीतर रंग उडतो. जमिनीवरच्या कामाभोवती दोर लावायचा की नाही, हा वाद गॅलरीशी होईलच. कधी कधी जमिनीवर फक्त करड्या टेपची एक पट्टी पुरते.

आवाजाचं मात्र मला सविस्तर सांगायलाच हवं, कारण इथे मी स्वतः आपटले.

माझं पहिलं काम म्हणजे चाळीस सेकंदांचा एक लूप, संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजणारा. नळ, पाण्याचा थेंब, पत्र्यावर पडून येणारा ठण्ण, मग एक लांब श्वास. स्पीकर एका रिकाम्या पिंपात. उद्घाटनाला सगळ्यांना आवडलं. दहाव्या दिवशी सहज गेले तर पिंप मुकं. स्पीकरचं बटण शून्यावर. टेबलाशी बसणाऱ्या मुलीने शांतपणे कबूल केलं, की दुपारनंतर ती रोज आवाज बंद करते. मी चिडले, कलाकाराच्या हक्कांवर छोटंसं भाषणही दिलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बसता का इथे? मी चहा पिऊन येते." आवाज लावून ती गेली आणि मी बसले. पंधरा मिनिटं ठीक गेली. अर्ध्या तासाने मी त्या श्वासाची वाट बघायला लागले आणि नंतर त्याची धास्ती घ्यायला. गॅलरी आठ तास उघडी. चाळीस सेकंदांचा लूप आठ तासांत ७२० वेळा वाजतो. हे मी तोवर मोजलंच नव्हतं.

आम्ही दोघींनी मिळून तोडगा काढला. दर दोन लूपच्या मध्ये साडेतीन मिनिटांची शांतता घातली, पिंपाचं तोंड टेबलाच्या उलट्या दिशेला फिरवलं, आणि आवाज किती हे आकड्यात लिहून पिंपाच्या तळाशी चिकटवलं. काम त्याने चांगलंच झालं. लोक थेंबाची वाट बघत उभे राहू लागले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सूचनापत्रात एक ओळ असते: टेबलावर काय ऐकू येतं.

तांत्रिक बाजूही आहे. पडदे आणि गालिचे टिपेचा आवाज शोषतात. ढोलासारखा खालचा घुमारा भिंतीपलीकडे जातोच. सामूहिक प्रदर्शनात शेजारी कोण आहे हे आधी विचारा. हेडफोन हा स्वस्त उपाय, पण पुष्कळ लोक हेडफोन उचलतच नाहीत, विशेषतः एकच जोडी असेल तर.

उद्घाटन आणि नंतरचे दिवस

उद्घाटनाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आरामात उभं राहता येईल अशा चपला घाला. काम समजावत फिरू नका, विचारलं तर सांगा. त्या संध्याकाळी काम कुणालाच नीट दिसत नाही, तेव्हा त्यावरून काही ठरवू नका.

त्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यातला एक तास कोपऱ्यात बसून काढा. लोक कुठे थांबतात, कुठून माघारी फिरतात, खुर्चीवर बसायची परवानगी आहे हे त्यांना कळतं का. 'कृपया बसा' असं लिहूनही कुणी बसत नसेल, तर पाटी नव्हे, खुर्चीची दिशा चुकलीय.

आणि नोंद. १९१७ मध्ये मार्सेल द्यूशाँने न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला मुतारीचं भांडं पाठवलं. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाचं काम लावायचं असा तिथला नियम होता, तरी ते लावलं गेलं नाही. मूळ भांडं हरवलं. उरला तो आल्फ्रेड स्टिग्लिट्झने आपल्या गॅलरीत काढलेला फोटो. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर केलेल्या प्रतिकृती. नलिनी मालानी यांनी १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत 'सिटी ऑफ डिझायर्स' साठी थेट भिंतींवर चित्रं काढली, आणि प्रदर्शन संपल्यावर त्यावर पांढरा रंग फिरला. ते जाणीवपूर्वकच होतं. अशा कामांचं पुढचं आयुष्य फोटोत आणि चित्रीकरणात असतं.

म्हणून मांडणी पूर्ण झाल्यावर, उद्घाटनाच्या आधी, रिकाम्या गॅलरीत फोटो काढून घ्या. दारातून पहिल्यांदा दिसतं तसा एक लांबचा, एक मधला, काही अगदी जवळचे. एकात तरी माणूस असू द्या, त्याशिवाय आकार कळत नाही. बदलत जाणारं काम असेल तर रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी एक फोटो; जमिनीवर टेपने फुली मारून ठेवा आणि गॅलरीतल्या माणसाला तिथे उभं राहून फोनने काढायला सांगा. आवाजाच्या कामात खोलीतल्या आवाजाचंही रेकॉर्डिंग घ्या, नुसती मूळ फाइल पुरत नाही. अभिप्रायाच्या वहीची पानं काढून ठेवा, त्यात 'हे काय आहे?' असं लिहिलेली तर नक्कीच.

उतरवताना

या दिवशी कुणीच मदतीला येत नाही. मांडणीला आलेले मित्र उतरवायला कामात असतात, हे गृहीत धरा.

काम आलं तेव्हा आणि जातंय तेव्हा, दोन्ही वेळा त्याच्या अवस्थेची लेखी नोंद करायची आणि दोघांनी सह्या करायच्या. कुठे ओरखडा होता, कुठे नव्हता. वितळण्यासाठीच आणलेल्या मेणाची काय नोंद करायची, असं वाटेल. तीच तर करायची: किती ठोकळे उरले, कितव्यावर दिवा होता, ट्रेमध्ये मेण किती जाड साचलं. गोठलेल्या मेणाचं काय करायचं तेही तुमच्या पानावर असायला हवं होतं. फेकायचं, पुन्हा ओतायचं, की तो थरच आता वेगळं काम? शेवटच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, टेम्पो बाहेर उभा असताना, हा निर्णय चांगला होत नाही.

भिंतीतली भोकं बुजवायची जबाबदारी कुणाची ते करारात असेल. नसेल तर बुजवून द्या, पुढच्या वेळी आठवण राहते. विकलं न गेलेलं काम गॅलरीत राहणार असेल तर प्रत्येक वस्तूची पावती घ्या, "इतर साहित्य" असं लिहिलेली नको.

खोके बंद करण्यापूर्वी सूचनांच्या पानाची ताजी प्रत करा. मांडणीत जे बदललं ते लाल पेनने घाला: शांतता साडेतीन मिनिटं, पिंपाचं तोंड उलट्या बाजूला, आवाज इतका. तारीख टाका. एक प्रत खोक्याच्या आत सगळ्यात वर, एक झाकणावर प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटवून, एक तुमच्याकडे. खोक्याच्या चार बाजूंवर कामाचं नाव आणि 'एकूण पाचपैकी दोन' असं लिहा. झाकणावर नको, खोकी एकावर एक चढली की झाकण दिसत नाही. स्क्रू, किल्ल्या आणि रिमोट एका पिशवीत, आणि ती पिशवी पहिल्या खोक्यात. रिमोटमधले सेल काढून.